पार्ट पहाटे चार वाजता मागवला होता

माझी वकिली रत्नागिरीची, म्हणजे जमिनीची. फेरफार, वाटप, कूळ, बागेची हद्द, सामाईक विहीर. पक्षकार येतो तो जुन्या कागदांची पिशवी घेऊनच. म्हणून गौरी-गणपती नुकतेच पोचवून आलेला संगमेश्वर तालुक्यातला एक चाळिशीतला गृहस्थ नुसता मोबाईल पुढे करून म्हणाला, "वकीलसाहेब, विमान कंपनीवर केस टाकायची आहे," तेव्हा मी आधी त्याला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

मोबाईलवर व्हॉट्सॲपचा एक मेसेज होता. विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला की प्रवाशाला ६०० युरो मिळतात, कंपन्या हे लपवतात, दहा जणांना पाठवा. त्याने ६०० युरोचे रुपयेही करून आणले होते.

मेसेज खोटा नव्हता, फक्त आपल्या मुलखातला नव्हता. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही विमानाला लागू होतो, आणि बाहेरून तिकडे जाणारं विमान युरोपीय कंपनीचं असेल तर त्यालाही. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो. गंमत म्हणजे उशिराबद्दल रोख रक्कम द्या असं त्या नियमात थेट लिहिलेलं नाही. तीन तासांहून जास्त उशिरा पोचलेल्या प्रवाशाला विमान रद्द झालेल्या प्रवाशासारखंच वागवा, असं त्यांच्या न्यायालयाने २००९ साली ठरवलं. फ्रँकफर्टहून मुंबईला येणाऱ्या माणसाला हे मिळू शकतं. आमचा गडी आला होता मस्कतहून.

मग आपल्याकडचं सांगितलं. डीजीसीए, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात विमान रद्द झालं किंवा तिकीट असून चढू दिलं नाही तर रकमा ठरलेल्या आहेत. नुसत्या उशिराला मात्र खाणं-पिणं, सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, आणि रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. उशिराची रोख भरपाई त्यात नाही. आणि इथे तर विमान मस्कतहून सुटणारं.

"म्हणजे काहीच नाही?"

"आहे. पण ते उशिराचं नाही, नुकसानीचं. तुमचं नुकसान काय झालं ते सांगा."

त्याने जे सांगितलं ते कोकणातल्या कुठल्याही घरात कळेल. मस्कतमध्ये तो एका एअर कंडिशनिंगच्या कंपनीत स्टोअरकीपर. रजा वर्षातून एकदाच, गणपतीला. घरातला थोरला, पूजेला तोच बसतो. मुंबईचा भाऊ आणि तो मिळून पनवेलहून दुपारी चारच्या गणपती स्पेशलची तिकिटं काढलेली. आरक्षण उघडल्यावर किती मिनिटांत संपतं ते सांगायला नको. मस्कतचं विमान रात्री २ वाजून १० मिनिटांचं, मुंबईत सकाळी साडेसहाच्या आत. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यात त्याने नऊ तासांचं अंतर ठेवलं होतं. मी असतो तर एवढं ठेवलं नसतं.

विमान सुटलं संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी. मुंबईत उतरलं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते आणि भाऊ-भावजय, मुलं खेडच्या पुढे गेली होती. बाहेर पडून गाडी ठरवेपर्यंत पावणेअकरा. भाडं १४,५०० रुपये. रात्र महामार्गावर गेली, त्यातले तीन तास एकट्या माणगावच्या कोंडीत. घरी पोचला तेव्हा दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले होते. आमच्याकडे भटजींना त्या सकाळी वाडीतली घरं क्रमाने घ्यायची असतात, ते कुणासाठी थांबत नाहीत. धाकट्याने सोवळं नेसून पूजा आटपली होती.

कंपनीकडून त्याला मिळालं होतं एका जेवणाचं कूपन. तक्रारीच्या ईमेलला आलेलं उत्तर: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तांत्रिक कारण आमच्या नियंत्रणाबाहेरचं होतं.' वर पुढच्या प्रवासासाठी एक व्हाउचर, वर्षभरात वापरायचं. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, तिथेही कंपनीने तेच वाक्य चिकटवलं.

आपल्याकडे १९७२ चा कॅरेज बाय एअर ॲक्ट आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा मॉन्ट्रियल करार जसाच्या तसा आहे, भारतात तो २००९ पासून लागू. ओमानही त्यात आहे. त्याचं कलम १९ म्हणतं, उशिरामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार. सुटका एकाच वाटेने, नुकसान टाळण्यासाठी वाजवी ते सगळे उपाय केले, किंवा करणं अशक्य होतं, हे कंपनीने सिद्ध करायचं. कंपनीने, प्रवाशाने नव्हे. वर मर्यादा आहे, तेव्हा ५,३४६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) होती, २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३. म्हणजे काही लाख रुपये. आमची मागणी त्याच्या आसपासही जाणार नव्हती. दावा करायची मुदत दोन वर्षांची.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि मोबदला, म्हणजे सेवेसाठी आपण मोजलेले पैसे, पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार चढवली. कागद त्याच्याकडे चोख होते: बोर्डिंग पास, कूपनचा तुकडा, न वापरलेलं रेल्वे तिकीट, ड्रायव्हरला केलेल्या यूपीआयची नोंद, आणि कंपनीचे पाच एसएमएस. शिवाय विमानतळावरच्या फलकाचा फोटो. तो का काढला विचारलं तर म्हणाला, बायकोला पाठवायला, तिला खरं वाटत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती माझ्या नव्हे, पक्षकाराच्या लक्षात आली.

कंपनीचा लेखी जबाब आला. नेहमीसारखा जाड. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला 'अमान्य आहे, खोटे आहे' आणि शेवटी तक्रार खर्चासह फेटाळावी. मधे नवव्या परिच्छेदात तांत्रिक बिघाडाचं वर्णन: सुटण्यापूर्वीच्या तपासणीत एक भाग सदोष आढळला, तो मस्कतला उपलब्ध नव्हता, पहाटे ३.५५ वाजता मुख्य तळावरून मागवण्यात आला, कंपनीच्याच पहिल्या उपलब्ध विमानाने तो दुपारी १.४० वाजता पोचला, बसवून चाचणी झाल्यावर उड्डाण झालं. आम्ही किती तत्परतेने काम केलं हे दाखवायला ते लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, यांनी वाजवी उपाय दाखवले. भाग नाही म्हटल्यावर आणखी काय करणार?

जबाबाची प्रत मी त्याला मस्कतला पाठवली. सुनावणीच्या दिवशी सकाळी, मी कोर्टात जायला निघालो होतो तेवढ्यात, त्याचा फोन.

"साहेब, नववा पॅरा वाचलात?"

"वाचला."

"ह्यांनी पार्ट तीन पंचावन्नला मागवला."

"हो. मग?"

"अहो, मी रोज हेच करतो. कंप्रेसर हवा असला की दुबईला मेल टाकतो. पार्ट मागवला की पहिला प्रश्न कधी पोचेल. तारीख-वेळ आल्याशिवाय आमचा सुपरवायझर सही करत नाही. ह्यांचा पार्ट तर ह्यांच्याच विमानातून आला, त्याचं टाइमटेबल ह्यांच्याच भिंतीवर लावलेलं. दुपारपर्यंत पार्ट येत नाही हे ह्यांना चार वाजताच ठाऊक. आता माझे मेसेज बघा."

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि फाईल उघडली. पहिला एसएमएस दीडचा, उड्डाण चार वाजता. तो ठीक, तेव्हा बिघाड पुरता कळलेला नसेल. दुसरा ४.२० चा: उड्डाण साडेसहाला. तिसरा ६.१५ चा: नऊला. चौथा ८.४० चा: बाराला. पाचवा दुपारी बाराच्या सुमाराचा: साडेतीनला. म्हणजे पार्ट दुपारी पावणेदोनशिवाय येणार नाही हे कळल्यानंतर कंपनीने तीनदा लेखी कळवलं होतं की विमान त्याच्या आधीच सुटेल.

"आणि फलकाचा फोटो बघा," तो म्हणाला. "मुंबईची दुसऱ्या कंपन्यांची विमानं सकाळी होती. नऊचं जरी घेतलं असतं तरी सव्वा वाजता मुंबई, चारची पनवेल. मी काउंटरवर विचारलं होतं साडेचारला. ती म्हणाली, दोन तासांत सुटतंय, कशाला पैसे घालवता."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. बिघाड कुणालाही चुकत नाही आणि बिघडलेलं विमान उडवू नये याबद्दल कुणाचंही दुमत नाही. प्रवाशाचं खरं नुकसान होतं ते उशीर दोन-दोन तासांच्या तुकड्यांत वाटल्यामुळे. पंधरा तास म्हणून एकदम सांगितलं तर माणूस दुसरं तिकीट काढतो, घरी कळवतो, रेल्वेचं बघतो. दोन तास म्हटलं की बाकावर बसून राहतो. कंपनीला ते बरं पडतं. पैसे परत मागायला कुणी येत नाही.

आयोगासमोर कंपनीचे वकील मुंबईहून व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. सभ्य गृहस्थ, तयारीही चांगली. आधी अधिकारक्षेत्राचा मुद्दा: मॉन्ट्रियलच्या कलम ३३ प्रमाणे दावा कंपनीच्या ठिकाणी किंवा प्रवास संपतो तिथे, म्हणजे मुंबईला, रत्नागिरीला नाही. मुद्दा पोकळ नव्हता. मी ग्राहक कायद्याची कलमं ३४ (राहत्या जिल्ह्यात तक्रार) आणि १०० (हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला) ठेवली, ग्राहक आयोगही आधीच्या वॉर्सा करारातल्या अर्थाने न्यायालय आहे हा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल ठेवला. आयोगाने सांगितलं, सगळ्याचा निर्णय एकत्रच देऊ, पुढे बोला.

मग त्यांनी धुक्याचा निकाल काढला, तोही सर्वोच्च न्यायालयाचा, २०११ चाच. दिल्लीच्या धुक्याने झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नव्हे. शेवटी म्हणाले, "तक्रारदार सव्वानऊला मुंबईत उतरले. रात्री कोकणात जाणाऱ्या गाड्या आहेत. कोकणकन्या आहे, तुतारी आहे. साडेचौदा हजारांची खासगी गाडी करण्याची गरज नव्हती."

आयोगातल्या एका सदस्यांनी चष्मा काढला. "कोणत्या रात्री म्हणालात?"

"त्याच रात्री, सर."

"गणपतीच्या आदल्या रात्री. कोकणकन्येला. आयत्या वेळी."

समोरून थोडा वेळ आवाज आला नाही, मग वकीलसाहेब म्हणाले, नेटवर्क जरा कमी आहे. टायपिस्टसुद्धा हसत होती.

माझी पाळी आली तेव्हा मी भाषण केलं नाही. धुक्याच्या प्रकरणात धुकं होतं हे दोन्ही बाजूंना मान्य होतं आणि कंपनीने प्रवाशाला पर्याय दिला होता, एवढं सांगितलं. रेल्वेचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल ठेवला: गाडी चार तास उशिरा जम्मूला पोचली, प्रवाशांचं श्रीनगरचं विमान चुकलं, आणि उशिराचं कारण सिद्ध केलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला भरपाई द्यायला लावली. आमच्या प्रकरणात गाडी आणि विमान यांची जागा बदलली होती, बाकी तेच. मग एका कागदावर दोन रकाने करून दिले. डावीकडे जबाबाच्या नवव्या परिच्छेदातल्या वेळा, उजवीकडे एसएमएसच्या.

अध्यक्षांनी कागद वाचला आणि स्क्रीनकडे बघून विचारलं, "३.५५ ला पार्ट मागवल्यावर तो कधी पोचणार हे तुमच्या कंपनीला कधी कळलं?"

"कंपनीकडून सूचना घेऊन सांगतो."

"तुमच्याच विमानाने आला ना?"

"सूचना घेतो, सर."

त्यांना मुदत मिळाली. सूचना काही आल्या नाहीत, देखभालीची नोंदवहीही दाखल झाली नाही.

निकालात अधिकारक्षेत्राची हरकत फेटाळली गेली. वरच्या पातळीवर ती टिकली असती की नाही यावर मी आजही पैज लावणार नाही. बिघाडाबद्दल आयोगाने कंपनीला दोष दिला नाही, त्रुटी धरली ती चुकीची माहिती देण्याची. गाडीभाडं, रेल्वे तिकीट आणि मस्कतमधल्या जेवणाचा खर्च सव्याज, त्रासाबद्दल २०,००० रुपये, तक्रारीचा खर्च ५,०००. आम्ही त्रासाचे ५०,००० मागितले होते. चुकलेल्या पूजेचा उल्लेख निकालात एका ओळीत आहे, तिची वेगळी रक्कम नाही, आणि मी ती मागायलाही नको म्हटलं होतं. तिचा आकडा मी कुठून आणणार?

अपील करायला ४५ दिवस असतात आणि कंपनीला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अपील झालं नाही. पैसे थेट त्याच्या खात्यात आले.

त्या दिवशी बोर्डिंग गेटवर अडकलेल्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, तो अजून चालू आहे. त्याने निकालाची पीडीएफ तिथे टाकली. दोन वर्षं भरायला थोडेच आठवडे उरले होते. चिपळूणचा एक आणि खेडचा एक धावत आले, त्यांच्या तक्रारी मुदतीत दाखल केल्या. तिसरा राजापूरचा. त्याच्याकडे बोर्डिंग पास नाही, फोन बदलल्यामुळे एसएमएसही नाहीत, फक्त पासपोर्टवरचा शिक्का आणि एजंटने पाठवलेलं तिकीट. त्याची तक्रार तेवढ्यावरच दाखल केली आहे आणि त्या उड्डाणाची प्रवासी यादी कंपनीने हजर करावी असा अर्ज सोबत जोडला आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची पडली आहे.