विधुराच्या दुसऱ्या लग्नात अडकलेली वंशावळ

कॅनडातल्या क्वेबेकमधली वंशावळ शोधायची तर जन्माच्या नाही, लग्नाच्या नोंदी धरायच्या. कॅथलिक चर्चच्या वहीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. मग त्या आईवडिलांचं लग्न, मग त्यांच्या आईवडिलांचं. सासरचं लाफ्लर घराणं असंच सरसर मागे गेलं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर वह्यांची छायाचित्रं फुकट बघता येतात.

गाडी अडली ती अठराव्या शतकाच्या शेवटी. नोंदीत एवढंच: लाफ्लर, अमुक स्त्रीचा विधुर. आईवडील नाहीत. पुनर्विवाहात पुष्कळदा फक्त आधीच्या जोडीदाराचं नाव लिहीत. म्हणून पैसे भरून एका कार्यालयाकडे पहिल्या लग्नाचा शोध मागितला. अर्जात आडनावाला रकाना एकच! कित्येक आठवड्यांनी उत्तर आलं, 'नोंद नाही'. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण फ्रेंच वसाहतीतल्या माणसाला आडनावं दोन असू शकतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

1665 साली कारिन्यां-सालिएर पलटणीचे सुमारे 1,200 शिपाई न्यू फ्रान्सला, म्हणजे तेव्हाच्या इथल्या फ्रेंच वसाहतीत आले, त्यातले चारशेच्या आसपास तिथेच स्थायिक झाले. शिपायाला पलटणीत टोपणनाव असे: लाफ्लर, लातुलिप, सांसूसी, जोलीकर. ते मूळ आडनावाला 'दी' लावून जोडत, म्हणजे 'उर्फ'. पॅन्सोनो दी लाफ्लर वेगळे, पूपार दी लाफ्लर वेगळे. एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. उलट हुदों आणि बोल्यू वेगळे दिसतात, पण हुदों दी बोल्यू हे एकच घराणं. एका भावाची मुलं एक नाव लावतात, दुसऱ्याची दुसरं. एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका आडनावाने आणि दफन दुसऱ्याने, असंही सापडतं. नुसतं लाफ्लर शोधलं तर पॅन्सोनो नावाने लागलेलं लग्न दिसणारच कसं?

उपाय असा की पुरुषाला सोडायचं आणि बाईला धरायचं. नोंदींमध्ये बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने असते. विधुराच्या नोंदीत मेलेल्या बायकोचं पूर्ण नाव असतं; वधू म्हणून तिचं नाव शोधलं की नवरा खऱ्या आडनावासकट सापडतो. आमचा तसाच सापडला, पॅन्सोनो म्हणून, आईवडिलांसह. स्पेलिंग मात्र उच्चारावरून, पाद्री लिहील तसं, म्हणून शेवटची अक्षरं बदलून बदलून बघा.

तरीही खात्री हवी असेल तर नोटरीचे कागद काढा. अल्पवयीन मुलं असतील तर दुसऱ्या लग्नाआधी मालमत्तेची यादी करण्याची रीत होती. मुलांना पालक नेमताना दोन्हीकडचे नातेवाईक जमत आणि प्रत्येकाचं नातं लिहिलं जाई. हे कागद क्वेबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बरेचसे ऑनलाइन. लग्नाच्या नोंदीत नात्यातल्या लग्नाची सूट दिलेली दिसली तर ती सोडू नका. तिसऱ्या पायरीची सूट म्हणजे पणजोबा-पणजी सामाईक. दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष काढून ते जुळतंय का बघा. नाही जुळलं तर कुठेतरी चुकीचा माणूस जोडलाय.

मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पीआरडीएच या जुन्या नोंदींच्या संग्रहात 1849 पर्यंतची कुटुंबं जोडून ठेवली आहेत आणि नावांची रूपं एकत्र आणली आहेत. पैसे कुठे भरायचेच तर तिथे भरा, कुणाच्या अर्जावर नाही.

पहिल्या नावांचंही सांगायचं राहिलं. बाप्तिस्म्यात मुलाच्या नावाआधी जोसेफ, मुलीच्या आधी मारी सर्रास लागतं; हाक मारायचं नाव बहुधा शेवटचं. जां-बातिस्त मात्र अख्खं एकच नाव, तोडू नका. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देत, तेव्हा पहिला बाप्तिस्मा दिसला की तोच आपला माणूस असं धरू नका. त्या नावाचं लहानपणीचं दफन आधी शोधा. आणि पान फाटलेलं किंवा पुसट असेल तर थांबू नका, वहीची दुसरी प्रत कोर्टात ठेवलेली असे. तीही मागा.