आकडा लावलेलं विमान

दुपारी जेवून आडवं होण्याच्या वेळी गोव्यात कोणी कोणाला प्रश्न विचारू नये, असा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण बाजारातली ओढलेली शटरं पाहून परक्यालाही कळतो. पुण्याहून मे महिन्याच्या सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्याला तेवढा कळत नाही. गच्चीवर वाळत घातलेली सोलं उलटीपालटी करून मी जिन्याच्या सावलीत जरा टेकले होते, तर हा मोबाइल घेऊन कठड्याशी उभा. आमचं घर चिखलीला, म्हणजे दाबोळी विमानतळाच्या पठाराच्या कुशीतच. विमानाचा आवाज आला की हा ॲप उघडतो आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडतो, "आत्या, ए-थ्री-ट्वेंटी-वन!" मग थोड्या वेळाने, "आत्या, सेव्हन-थर्टी-सेव्हन!"

इथवर ठीक होतं. झोपेत असली आरोळी मला अंगाईसारखी लागते. पण मग तो म्हणाला, "आत्या, बोइंगचं सगळं सातानेच का गं सुरू होतं? आणि सातानेच का संपतं?"

झोप उडाली.

याचं खरं उत्तर इतकं साधं आहे की सांगताना मलाच वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बोइंगमध्ये कामांची वाटणी झाली आणि प्रत्येक कामाला शंभर-शंभर आकड्यांचा गट्ठा मिळाला. तीनशे-चारशे ही विमानं, पाचशे टर्बाइन इंजिनं, सहाशे अग्निबाण आणि क्षेपणास्त्रं, आणि सातशे जेट इंजिनांची मोठी वाहतूक विमानं. म्हणजे पहिल्या जेट प्रवासी विमानाचं नाव सरळ 700 व्हायचं. पण विक्री खात्यातल्या लोकांना ‘सातशे’ म्हणताना काही मजा येईना. सात-शून्य-सात म्हणून बघितलं, जिभेवर बरं बसलं, ठेवलं. त्याच विमानाचा 15 जुलै 1954 ला उडालेला पहिला नमुना मात्र 367-80 या नावाने वावरत होता. जुन्या पंख्याच्या विमानाचा नंबर आणि पुढे 80. प्रतिस्पर्ध्यांना वाटावं, जुन्यालाच ठाकठोक चालली आहे.

एवढंच. ज्योतिष नाही, गणित नाही. कारकुनाची वही आणि विक्रेत्याचा कान.

पण असलं उत्तर कोणाला चालत नाही. म्हणून इंजिनियर मंडळी दुसरी कथा सांगतात: 707 चे पंख 45 अंशांनी मागे वळलेले, 45 अंशांचा साइन 0.707, म्हणून नाव 707. कथा इतकी देखणी आहे की तिला खोटं म्हणायला जीव होत नाही. पंख 35 अंशांनी वळलेले होते, त्याला कोण काय करणार? 35 चा साइन 0.574. त्या हिशेबाने विमानाचं नाव 574 पडलं असतं आणि आज माझा भाचा "फाइव्ह-सेव्हंटी-फोर!" म्हणून ओरडला असता.

आकड्यामागे कारण असलंच पाहिजे, हा हट्ट आपल्याकडेही काही कमी नाही. भारतीय विमानांच्या शेपटीजवळ व्हीटी लिहिलेलं असतं. इंग्रजांच्या काळात आंतरराष्ट्रीय वाटपात पदरात पडलेली ती दोन अक्षरं. पण त्यांची फोड ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ अशी करून दर काही वर्षांनी कोणीतरी संतापतं. आम्हा गोंयकारांना या संतापात मनापासून भाग घेता येत नाही. कारण 1961 पर्यंत दाबोळीला पोर्तुगीज इंडियाच्या स्वतःच्या विमान कंपनीची जी विमानं उतरायची त्यांच्यावर सीआर-आय होतं. आमचा साहेब वेगळा होता, पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल, त्याची अक्षरंही वेगळी. तो गेला, अक्षरंही गेली, धावपट्टी तेवढी राहिली.

विमानांच्या आकड्यांची खरी गंमत मला कागदोपत्री सापडते. ‘737’ हे झालं चारचौघांत घ्यायचं नाव. कागदावर इंडियन एअरलाइन्सचं विमान असायचं 737-2A8. मधला 2 म्हणजे 200 वाली मालिका, आणि ए-8 म्हणजे इंडियन एअरलाइन्स. बोइंगने प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन चिन्हांची कायमची खूण दिली होती. एअर इंडियाची खूण 37. म्हणून त्यांचं 707 होतं 707-437, आणि पुढे जम्बो आलं ते 747-237. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सात-बारा) आठवला: सर्व्हे नंबर, मग तिरकी रेघ, मग पोटहिस्सा, मग कुठल्याशा भावाच्या वाटणीचं एक अक्षर. विमान उडतं, जमीन उडत नाही, एवढाच काय तो फरक. पुढे विमान दुसऱ्या कंपनीला विकलं तरी ही खूण बदलत नसे. तेही जमिनीसारखंच, तीन पिढ्यांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव अजून उताऱ्यावर असतंच की. आता मात्र बोइंगने नव्या विमानांना या खुणा देणं बंद केलंय.

आकड्यांचं हे वेड माझ्यात कुठून आलं, ते मला पक्कं माहीत आहे. वास्कोच्या मामाकडून.

मामा मुरगाव बंदरात खनिजाच्या बार्जींच्या धंद्यात कारकून होता आणि बाकीचा वेळ मटका. गोव्यात याला कोणी फारसं व्यसन म्हणत नाही, नाव ठेवायचंच तर सवय म्हणतात. मामाला जगात सगळीकडे आकडे दिसायचे. बार्जीचा नंबर, पिवळ्या मडगार्डाच्या पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलचा नंबर, स्वप्नात आलेल्या आजीने किती भाकऱ्या वाढल्या तो आकडा. कोणाची गाडी कोणावर आदळली की आधी माणूस कसा आहे विचारायचा, हे खरं. पण लगेच पुढचा प्रश्न नंबरचा. संध्याकाळी गाड्यावर उभं राहून "आयज कितें फुटलें?" असं विचारताना त्याचा चेहरा आरतीला उभा असल्यासारखा गंभीर असे.

एका रविवारी तो मला स्कूटरवर पुढे उभी करून धावपट्टीच्या कुंपणाशी घेऊन गेला. मुंबईचं विमान यायचं होतं. आलं, कान बधिर करून गेलं, आणि मामा खट्टू झाला. एवढं मोठं वाहन, आणि नंबरच्या जागी नुसती अक्षरं! व्हीटी-ई-अमुक-तमुक. एकही आकडा नाही. "याला काय अर्थ आहे गं?" असं तो खरोखरच्या दुःखाने म्हणाला. तेव्हा मी त्याला विमानाचा दुसरा नंबर सांगितला. शेजारचे एक काका विमानतळावर कामाला होते, त्यांच्याकडून मला तो कळला होता. सात-तीन-सात.

मामाचे डोळे चमकले. मटक्यात तीन आकडे चढत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे तीन-सात-सात. बेरीज सतरा, शेवटचा आकडा सात. सातातून निघालं, सातावर आलं! त्याला हा दैवी संकेत वाटला. त्यानंतर मी त्याची विमान विषयातली सल्लागार झाले. 707 कसा लिहायचा ते त्यानेच शिकवलं: मटक्यात शून्य दहाच्या जागी, म्हणून शेवटी. सात-सात-शून्य, चौदा, चार. 747 म्हणजे चार-सात-सात, अठरा, आठ. बेरजा मी शाळेत कमी आणि त्याच्या स्कूटरवर जास्त शिकले. बदल्यात मला ज्युजुबं मिळत.

एकदाच आमचं कडाक्याचं भांडण झालं, ते ॲव्हरोवरून. इंडियन एअरलाइन्सकडे कानपूरला बांधलेली, दोन पंख्यांची छोटी ॲव्हरो विमानं होती. ॲव्हरो 748. मामाचं म्हणणं, 748 म्हणजे 747 पेक्षा एकाने मोठं. मी सांगून थकले की जम्बोच्या पोटात असली कितीतरी मावतील. शिवाय 748 आधीचं. ते 1960 मध्ये उडालं, 747 उडायला 1969 उजाडलं. ब्रिटिशांची वही वेगळी, अमेरिकनांची वही वेगळी. मामा म्हणाला, "दोन वह्या कशा असतील? आकडे सगळ्यांचे एकच." आजही मला वाटतं, यात काहीतरी तत्त्व होतं.

दाबोळीचं आकाश या बाबतीत फार घोटाळ्याचं. नौदलाची बरीच विमानं रशियन असायची, आणि सोव्हिएत रीत बहुतेक अशी की लढाऊ विमानाला विषम आकडा, बॉम्बफेकी किंवा मालवाहूला सम. इल्युशिन-38 सम, मिग-29 विषम. तुपोलेव्हच्या प्रवासी विमानांचं आणखीच वेगळं: 104, 114, 124, 134, 144, 154. शेवटी चार हवाच. मामाला हे तेव्हा सांगता आलं असतं तर त्याने चाराचा सिंगल कधी सोडला नसता.

एअरबसचा मला थोडा राग आहे. त्यांनी पहिल्या विमानाचं नाव ए-300 ठेवलं ते 300 माणसं बसवायची म्हणून. मग बाजार बघून विमान लहान केलं, जागा अडीचशेच्या आसपास आल्या, पण नाव तेच. नुसतं पुढे एक बी चिकटवलं. पायाच असा, म्हटल्यावर पुढचं विचारायलाच नको. 310, 320, 330, 340 असं शहाण्यासारखं चाललं होतं, तर एकदम 380! कारण आठ हा आकडा चिनी लोकांना शुभ, आणि दुमजली विमान समोरून कापलं तर आठासारखंच दिसतं. 350 त्यानंतर आलं. 360 आणि 370 आलेच नाहीत. कॅनडाच्या बॉम्बार्डियरने बनवलेलं विमान हाती आलं तेव्हा 2018 मध्ये त्याला ए-220 म्हणून टाकलं, म्हणजे तीनशेच्या अलीकडे जाऊन बसवलं. बोइंगनेही कमी केलेलं नाही. 717 हा आकडा हवाई दलाच्या टँकर विमानासाठी खर्च झाला होता. मॅकडॉनेल डग्लस कंपनी बोइंगमध्ये आल्यावर तिच्या एमडी-95 ला तोच काढून दिला. मध्ये एकदा 720 होऊन गेलं. उलटसुलट सारख्या वाचता येणाऱ्या त्या रांगेत ते एकटंच वाकडं.

तरी आकड्यांचं काही नाही. मला खुपतात ती त्यांच्या शेजारी येऊन बसलेली विशेषणं. निओ, मॅक्स, ड्रीमलाइनर. निओ म्हणजे काय, तर नवीन इंजिनाचा पर्याय, तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. आणि मॅक्स? साबणाच्या पाकिटावर शोभेल तो शब्द. 2018 च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि 2019 च्या मार्चमध्ये इथिओपियात मिळून 346 माणसं गेली, जगभरची मॅक्स विमानं जमिनीवर बसली. 2020 मध्ये पोलंडच्या एका कंपनीची मागणी जाहीर करताना बोइंगने विमानाचा उल्लेख 737-8 असा केला, तो वर्तमानपत्रांनी लगेच टिपला. विशेषण अडचणीचं झालं की मागे ठेवता येतं. आकडा तसा मागे ठेवता येत नाही, त्याला यावंच लागतं.

1978 च्या पहिल्याच संध्याकाळी एअर इंडियाचं पहिलं जम्बो, सम्राट अशोक, सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि बांद्र्यासमोर समुद्रात पडलं. 213 माणसं. कोणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी वास्कोत दुसरं बोलणं नव्हतं; आखातात कोणाचं ना कोणाचं माणूस होतंच. आणि त्या रात्री चार-सात-सातवर खूप चिठ्ठ्या फाटल्या. मामानेही लावला होता. तो आकडा लागला की नाही, मला माहीत नाही. मामीने त्या रात्री त्याला जेवायला वाढलं नाही.