डावी बाही

रविवारी दुपारी जेवणे आटोपून सगळे आडवे झाले असताना मी खिडकीपाशी चिरंजीवांचा स्काउटचा सदरा मांडीवर घेऊन बसलो होतो. करड्या रंगाचा, दोन खिशांचा, खांद्यांवर पट्ट्या असलेला हा सदरा शिवतानाच वाढत्या अंगाचा शिवून घेतलेला असल्यामुळे अजून पुरतो आहे. त्याच्या डाव्या बाहीवर मध्यभागी तृतीय सोपानाचे, म्हणजे स्काउटमधल्या तिसऱ्या पायरीचे, कापडी पदक होते. ते उसवून त्याच जागी राज्य पुरस्काराचे पदक शिवायचे, एवढेच काम होते. कोपऱ्यावरच्या टेलरने ते पाच मिनिटांत मशीनवर मारून दिले असते आणि सौ.ने तसे सुचवलेही होते. परंतु पदकाच्या जाड काठावरून मशीनची टीप घसरते, असे कारण मी पुढे केले. खरे कारण असे, की टेलरने ते पदक कशाचे आहे हे विचारलेही नसते, आणि ते मला अजिबात रुचणारे नव्हते.

उसवण्याचे काम शिवण्याहून नाजूक असते. ब्लेडचा कोपरा टाक्याखाली सरकवून एकेक दोरा तोडत जावे लागते आणि जरा हात हलला, की दोऱ्याऐवजी कापडच कापले जाते. जुने पदक निघाले, तेव्हा त्याखाली कापडाचा मूळचा, न विटलेला रंग दिसला आणि त्या रंगाच्या कडेने आधीच्या, द्वितीय सोपानाच्या टाक्यांची बारीक भोकेही दिसली. नवे पदक त्यावर धरून पहिला टाका घालू लागलो, तर सुई भरतकामात अडकून बसली. अंगुस्तानाने मागून रेटली, तेव्हा कुठे ती वर आली, आणि तीही भलत्याच ठिकाणी.

स्काउटमधला हा नियम मोठा कडक आहे. प्रावीण्याची पदके उजव्या बाहीवर जमत जातात, परंतु डाव्या बाहीवर वरचे सोपान आले, की खालच्याने उतरायचे. बालवाडीतल्या लिंबू-चमच्याच्या करंडकापासून सगळे काही दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला थोडे जडच जाते. उतरलेल्या पदकांविषयी चिरंजीवांना काडीची आस्था नाही. ती माझ्याकडे कपाटात, माझ्या लग्नातल्या घड्याळाच्या डबीत आहेत. घड्याळ केव्हाच बंद पडले. डबी मखमली आहे, म्हणून टाकवली नव्हती.

राज्य पुरस्काराच्या परीक्षेआधी रोज रात्री पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे होते. स्काउट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर १९०७ साली भरवले, हे त्याला तोंडपाठ होते. भारतातले पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूरला निघाले, हेही तो धडाधड सांगे. मात्र त्या पथकांची दारे सुरुवातीला भारतीय मुलांना बंद होती, मग ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभारली, आणि अखेर स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्सची स्थापना झाली, हा भाग आला, की तो जांभया देऊ लागे. मला विचाराल, तर सगळ्या पुस्तकात हाच भाग वाचण्यासारखा आहे. ज्यांना दारातून परत पाठवले, त्यांनी रुसून न बसता आपले स्वतंत्र अंगण आखले, ही गोष्ट कोणत्याही बेटावरच्या शिबिराहून मला मोठी वाटते. चिरंजीव मात्र मधेच विचारीत, "बाबा, तारीख आली ना मला? मग पुढचा प्रश्न घ्या."

त्या दिवसांत घरभर दोऱ्या होत्या. झोपाळ्याच्या कडीला, खुर्च्यांच्या पायांना, स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला कोणती ना कोणती गाठ मारलेली असे. माणसाच्या कमरेभोवती बांधली तरी आवळली न जाणारी बोलाइन आणि लांब दोर न कापता आखूड करणारी शीपशँक या दोन गाठी मीही शिकलो. याच सुमारास त्याने आजीसमोर स्काउटच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला आणि देवाधर्माचे करणाऱ्या माझ्या आईने तो तसाच मागे सारून, "हा कुठला रे शिष्टाचार?" म्हणून त्याची चांगली हजेरी घेतली. रोज एक सत्कृत्य करायचे असते, हे कळल्यावर तिने, ते घराबाहेरच करायचे असते का, अशीही चौकशी केली. तिच्या चौकशीत तथ्य होते. 'खरी कमाई'च्या दिवसांत आपल्या श्रमाने चार पैसे मिळवायचे असतात, म्हणून या गृहस्थाने सोसायटीतल्या लोकांच्या स्कूटरी धुऊन लखलखीत केल्या. माझ्या स्कूटरवर मात्र बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती.

हे सगळे मी निकालाच्या दिवशी धाकट्या भावाला फोनवर सांगितले. "अरे, काय सांगू तुला, घरात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे दोऱ्या. आता तो राज्य पुरस्कार का काय तो मिळाला आहे, म्हणजे आणखी शिबिरे आली, आणखी खर्च आला. अभ्यासाच्या नावाने शंखच आहे." भावाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, अभिनंदन." त्याला कळणारच; तोही त्याच घरात वाढला आहे.

आपल्याकडे मुलाचे कौतुक असे तक्रारीच्या वेषातच घराबाहेर पडते. दृष्ट लागेल, पोर शेफारेल, लोक म्हणतील काय फुशारकी मारतो, अशी पुष्कळ कारणे त्यामागे असतील. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलीची आई, "अहो, पण धड चहासुद्धा येत नाही हिला," असे म्हणत पेढ्यांचा पुडा पुढे करते, तेव्हा तिला चहाविषयी काहीच म्हणायचे नसते, हे पेढा घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

या कलेत आमच्या अण्णांचा हात धरणारा मला अजून भेटलेला नाही. मी सातारला शाळेत असताना आमच्या पथकाचे शिबिर यवतेश्वरच्या पायथ्याशी लागले होते. शेवटच्या दिवशी पालकांना भेटीसाठी बोलावले होते आणि त्या दिवशी आमचा बिनभांड्यांचा स्वयंपाक होता. म्हणजे पातेले नाही, तवा नाही, पळी नाही. बटाटे आणि कांदे निखाऱ्यात पुरायचे आणि कणकेची लांब वळी करून ती ओल्या काठीभोवती गुंडाळून विस्तवावर फिरवत भाजायची. माझी काठी एका बाजूने काळी ठिक्कर पडली होती आणि दुसऱ्या बाजूची कणीक दाताला चिकटत होती. अण्णा सायकलवरून आले, कचेरीचे कपडे अंगावर तसेच होते. गळ्यात दोन लाकडी मण्यांची दोरी घातलेले आमचे सर त्यांना म्हणाले, की तुमचा मुलगा तंबू फार उत्तम उभारतो. त्यावर अण्णा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आश्चर्य आहे. घरी स्वतःच्या अंथरुणाची घडी घालत नाही हो." टोळीतली सगळी मुले हसली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

मग ते पायाखालच्या दगडावर बसले आणि मी दिलेली ती काठीवरची पोळी बराच वेळ चावत राहिले. चांगली झाली आहे की वाईट, हे काहीच बोलले नाहीत. अर्धी उरली, तेव्हा त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला, पोळी त्यात नीट गुंडाळली आणि "तुझ्या आईला दाखवतो, काय खायला घालतात पोरांना ते," असे म्हणून सायकलवर बसून निघून गेले. शिबिरातून घरी आल्यावर मला कळले, की ती पोळी आईनंतर शेजारच्या दोन घरांनी आणि अण्णांच्या कचेरीतल्या मंडळींनीही पाहिली होती, आणि प्रत्येक ठिकाणी अण्णांनी तिच्याविषयी तक्रारच केली होती.

अण्णा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्याविषयी एकही चांगला शब्द मी त्यांच्या तोंडून समोरासमोर ऐकला नाही, आणि ऐकला असता तर काय करावे, हे मला सुचले नसते.

आता राष्ट्रपती पुरस्काराची तयारी सुरू व्हायची आहे. त्यासाठीच्या पहिल्या शिबिराचे संमतिपत्र चिरंजीवांनी काल माझ्यासमोर ठेवले. नाव, जन्मतारीख, रक्तगट हे त्याने स्वतःच भरले होते. तळाशी पाल्याविषयी पालकांचा अभिप्राय, अशा मथळ्याखाली दोन ओळी मोकळ्या होत्या. मी बराच विचार करून पहिल्या ओळीवर 'समाधानकारक' असे लिहिले. सौ.ने चष्मा लावून ते वाचले आणि दुसरी ओळ रिकामी का ठेवली, म्हणून विचारले. मी म्हटले, सही करायला जागा नको का?