ग्रेड चरबीचा, स्टेज वणाची

पोटाची सोनोग्राफी झाली की रिपोर्टवर एक ओळ हमखास असते: ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. घरी आल्यावर चर्चा होते ती याच आकड्याची. ग्रेड १ म्हणजे काही नाही आणि ग्रेड ३ म्हणजे लिव्हर गेलं, असा समज जळगावपासून शहाद्यापर्यंत सगळीकडे आहे. दोन्ही चूक. ग्रेड सांगतो तो चरबी किती साठली एवढंच. लिव्हर निकामी होतं ते वणाने, आणि वणाची मोजणी वेगळी असते. तिला स्टेज म्हणतात, एफ-० ते एफ-४. ग्रेड ३ असून वण शून्य असू शकतो. उलट, वण पक्का झालेल्या लिव्हरात चरबी कमी कमी दिसायला लागते, त्यामुळे ग्रेड १ लिहिलेल्या कागदाखाली एफ-३ किंवा एफ-४ दडलेला असू शकतो.

वण म्हणजे गुडघा फुटल्यावर राहतो तोच. त्या जागी केस उगवत नाहीत, घाम येत नाही, कातडी ताणली जात नाही. भोक बुजतं, पण त्या जागेचं काम बंद होतं. लिव्हर, फुफ्फुस, किडनी, हृदय यांच्या आत हेच घडतं, त्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. लिव्हरात स्टेलेट नावाच्या पेशी असतात. एरवी त्या अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळत गप्प बसलेल्या असतात. दारू, चरबी, हिपॅटायटिस बी किंवा सी यांचा मार सुरू झाला की त्या रूप बदलतात आणि कोलॅजनचे धागे विणायला लागतात. मार एकदाच बसला तर शरीर ते धागे नंतर विरघळवून टाकतं. मार रोजचा असेल तर विणणं थांबत नाही, धाग्यांना धागे जखडले जातात आणि जाळीची भिंत होते. एफ-१ मध्ये वण रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला असतो, एफ-२ मध्ये थोडे पडदे निघतात, एफ-३ मध्ये पडदे एकमेकांना जोडले जातात, एफ-४ म्हणजे सिरोसिस, सगळं लिव्हर वणाने गाठीगाठींचं झालेलं.

ज्याच्या केळीच्या मळ्यात ड्रिप आहे त्याला पुढचं लगेच कळेल. पाण्यातला क्षार ड्रिपरमध्ये बसला की झाडाला पाणी कमी मिळतं. पण मोटर तेवढ्याच जोराने पाणी ढकलत असते. मग मागे दाब चढतो, गेजचा काटा वर जातो आणि कुठेतरी जॉइंट सुटतो. आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणारी मोठी नळी म्हणजे पोर्टल व्हेन. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश हिच्यातून येतं. लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक एरवी ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो १० वर गेला की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगू लागतात आणि १२ च्या पुढे त्या फुटण्याची भीती असते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच म्हणजे हाच सुटलेला जॉइंट. त्यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं, रात्री दोन वाजता असेल तरी निघायचं. पोटात पाणी भरतं तेही मुख्यतः याच दाबामुळे. आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून प्लेटलेट अडवून धरते.

ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे, कारण प्लेटलेटचा आकडा साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, मिळतो. तुमच्याकडे असलेल्या जुन्या रिपोर्टांवरूनच वणाचा अंदाज बांधता येतो. त्या हिशेबाला फिब-४ म्हणतात. त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हर टेस्टमधले दोन आकडे लागतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. समजा वय ५४, एसजीओटी ६८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १.३६ लाख. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १३६. वर ५४ × ६८ = ३६७२. खाली ४९ चं वर्गमूळ ७, म्हणून १३६ × ७ = ९५२. उत्तर ३.८६. आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला वण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच जास्त. मधल्यांनी पुढची तपासणी करून घ्यायची. वरच्या उदाहरणात एसजीपीटी ४९ पाहून ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणून फाइल बंद झाली असती. वण वाढत जातो तसा एसजीपीटी पुष्कळदा उतरतो आणि एसजीओटी त्याच्या पुढे जातो, म्हणून ‘लिव्हर टेस्ट नॉर्मल’ या तीन शब्दांवर विसंबू नये.

हिशेब कुठे फसतो तेही सांगतो. डेंग्यू, मलेरियात प्लेटलेट तात्पुरत्या पडतात, तेव्हा आकडा खोटा चढतो. ताप गेल्यावर काही आठवड्यांनी परत रक्त द्या. भरपूर अंगमेहनत किंवा हार्ट अटॅक यानेही एसजीओटी वाढतं. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. तिन्ही आकडे एकाच वेळच्या रक्ताचे हवेत. मार्चचं एसजीओटी आणि दिवाळीतल्या प्लेटलेट असं जोडू नका.

पुढची पायरी फायब्रोस्कॅन, म्हणजे वणाने लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी. उताणं झोपवतात, उजवा हात डोक्याखाली, उजव्या बरगड्यांच्या मध्ये प्रोब टेकवून हलकी टिचकी मारल्यासारखा धक्का देतात. दुखत नाही. किमान तीन तास पोट रिकामं हवं. जेवून गेलात तर लिव्हरकडे रक्त वाढलेलं असतं आणि ते उगाच कडक मोजलं जातं. निदान १० चांगल्या नोंदी हव्यात, आणि रिपोर्टवर आयक्यूआर (नोंदी एकमेकींपासून किती पांगल्या ते) असं लिहून टक्के दिलेले असतात ते ३० च्या आत हवेत. रिपोर्टवर दोन मोठे आकडे येतात आणि लोक नेमका चुकीचा बघतात. डेसिबलवाला शेकड्यातला आकडा चरबीचा आहे. वणाचा आकडा किलोपास्कलमध्ये असतो. फॅटी लिव्हरमध्ये तो ८ च्या खाली असला तर बहुधा काळजी नाही, १२ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. ताजी कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा किंवा हृदय कमजोर असताना मोजलं तर आकडा खोटा वाढतो. पोटात पाणी असेल तर हे यंत्र चालत नाही, आणि अंगाने जाड असलेल्यांना मोठा प्रोब लागतो. तो सेंटरवर आहे का, हे फोन करून आधी विचारा.

आता वण जातो का? लिव्हरचा जाऊ शकतो, आणि ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही याचं वाईट वाटतं. मार थांबला की त्या स्टेलेट पेशी मरतात किंवा परत गप्प बसतात आणि जाळी हळूहळू विरघळते. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर वर्षानुवर्षं घेतल्याने सिरोसिसही मागे हटल्याचं दिसलेलं आहे. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. फॅटी लिव्हरमध्ये वजनाच्या ७ ते १० टक्के घट धरायची, म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच ते आठ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे, उपाशी राहून झटकन उतरवू नका. दारूला मात्र मधली पायरी नाही. मोहाची असो की बाटलीतली, वण दिसला की पूर्ण बंद. रोज पिणाऱ्याने ती एकदम एकट्याने तोडू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवावी.

सिरोसिसच्या पथ्याबद्दल आपल्याकडे फार नुकसान होतं. उसाचा रस, उकडलेली भाजी, डाळ बंद, दूध बंद. असल्या पथ्याने स्नायू वितळतात, आणि स्नायू गेलेला सिरोसिसचा पेशंट लवकर ढासळतो. प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, दही, दूध, अंडी, आणि कळण्याची भाकरी तर उडदामुळे उत्तमच. साठा करायची लिव्हरची ताकद कमी झालेली असते, म्हणून रात्रभरात शरीर स्वतःचे स्नायू खातं. झोपण्यापूर्वी अर्धी भाकरी आणि कपभर दूध घेतल्याने हे बरंच टळतं. पोटात पाणी असेल तर कमी करायचं ते मीठ, दिवसाला सपाट चमच्याएवढं, ५ ग्रॅम. त्यात शेव, पापड, लोणचं, कुरडया सगळं मोजायचं. शेवभाजीच्या एका ताटात दिवसाचा कोटा सहज उडतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. एफ-४ झालेल्यांनी व्हायरस गेला, दारू सुटली तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण कॅन्सरचा धोका लगेच संपत नाही.

फुफ्फुसाचा वण लिव्हरसारखा दयाळू नाही. तिथे जाळीची मधाच्या पोळ्यासारखी भोकं झाली की ती परत भरत नाहीत. म्हणून कारण लवकर सापडणं हेच औषध. आणि खान्देशात एक कारण घरोघरी खिडकीत बसवलेलं असतं: कूलर. मे महिन्यात भुसावळ, जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरशिवाय जगणं अवघड आहे, ते नाकारत नाही. पण टाकीतल्या शिळ्या पाण्यात आणि ओल्या गवताच्या पॅडमध्ये बुरशी व जिवाणू वाढतात, आणि पंखा ते रात्रभर तोंडावर फेकतो. काहींच्या फुफ्फुसांना त्याची ॲलर्जीसारखी सूज येते. तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीत फुफ्फुसात सूज किंवा वण असलेल्या १०८४ पेशंटांपैकी ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. कबुतरांची विष्ठा आणि बुरशी चढलेला कडबा ही आणखी दोन कारणं.

ओळखायचं कसं? कोरडा खोकला, जिना चढताना धाप, आणि कूलर लागल्यापासून वाढलेला त्रास. कडबा हलवल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप येऊन एक-दोन दिवसांत उतरतो, दर वेळी तसाच. दमा समजून पंप, टीबी समजून गोळ्या असं वर्षभर चालतं. बसून ऑक्सिजन ९७ आणि सहा मिनिटं चालल्यावर ८८ असं दिसलं तर बसल्या जागेचा आकडा विसरा. छातीचा साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो, एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन, लागतो. कूलर वापरायचाच असेल तर हंगामाच्या सुरुवातीला पॅड नवे, दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवायची, हंगाम संपला की पॅड काढून टाकायचे. निदान झालेल्याने मात्र कूलरच्या खोलीत झोपायचंच नाही आणि सफाई दुसऱ्याने, मास्क लावून करायची. वण थोपवायला पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब देतात. दोन्ही वण वाढण्याचा वेग कमी करतात, झालेला पुसत नाहीत. पिरफेनिडोन जेवणासोबतच घ्या, नाहीतर मळमळतं. त्याने कातडी उन्हाला भाजते. आपल्या उन्हात पूर्ण बाह्या, रुमाल आणि दुपारी घरात, एवढं पाळावंच लागतं.

किडनीचं थोडक्यात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, उशिरा वाढतं, बरेचदा निम्मं काम गेल्यावर. शुगर किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर बघावं. ३० च्या वर गेलं की चाळणी गळायला लागली. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं. चाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण आहे, घाबरून गोळी फेकू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र तात्पुरती थांबवायची का ते विचारा. आणि घड वाहून किंवा कापूस वेचून पाठ दुखते म्हणून भर उन्हात, कमी पाण्यावर रोज दुखणं मारायची गोळी खाणं किडनीला फार महागात पडतं.

नंदुरबारकडे, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल आढळतो, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. त्यात वण पाणथरीवर पडतो. वाकड्या पेशी तिच्या बारीक वाहिन्या पुन्हा पुन्हा तुंबवतात, लहानपणी ती फुगते आणि पुढे हळूहळू आक्रसून गोळा होते. मग न्यूमोकॉकससारखे जंतू अडवायला कोणी उरत नाही. म्हणून अशा बाळाला निदान पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस लागते. त्याला ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी दवाखाना. सॉल्युबिलिटी या प्राथमिक टेस्टवर थांबू नका, वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या तपासण्यांनीच कळतं.

हृदयातल्या वणाचा एक कालावधी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही, त्या जागी वण भरतो, आणि तो घट्ट व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. पहिला आठवडा सगळ्यात नाजूक, तेव्हा भिंत फाटूही शकते. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) डिस्चार्जच्या वेळचा आणि सहा-आठ आठवड्यांनंतरचा, असे दोन्ही जपून ठेवा. पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) ३५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर वणाभोवती विजेचा फेरा अडकून ठोके बेफाम होण्याचा धोका असतो, आणि झटका देणारं यंत्र बसवायचं का हे सहसा या दुसऱ्या इकोनंतर ठरतं.