अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग ठेवायची कुठे?

परवा बाबा लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका टाइप करत बसले होते. स्टाइलमध्ये जाऊन फॉन्ट बदलला की मधले इंग्रजी शब्द तेवढे बदलायचे, मराठी मजकूर जिथल्या तिथे. तासभर झटले बिचारे, मग मला हाक मारली. मीही बराच वेळ शोधलं आणि शेवटी ऑप्शन्समध्ये, भाषांच्या पानावर, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असं लिहिलेला एक चौकोन सापडला, त्यावर टिक केल्यावर मग देवनागरी फॉन्टचा वेगळा रकाना दिसायला लागला. बाबा म्हणाले, "अगं, मराठी कॉम्प्लेक्स कधीपासून झाली?"

मला ते फार लागलं. कारण कुणासाठी तरी ते अ‍ॅडव्हान्स्ड असेल, पण मराठीत लिहिणाऱ्याला ते पहिल्या दिवशीच लागतं.

सगळे पर्याय पहिल्याच पानावर ओता असं मी म्हणत नाहीये, तसं केलं तर माणूस बघूनच घाबरतो. पण ते दुसऱ्या घरात नेऊन ठेवणं मला पटत नाही. लिनक्सवरचा ग्नोम ३ हा डेस्कटॉप आला २०११ मध्ये, तेव्हा खिडकीवरची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझची बटणं काढली, ती परत हवी तर ट्वीक्स नावाचं वेगळं अ‍ॅप टाकायचं. आता असं अ‍ॅप आहे हेच ज्याला माहीत नाही तो शोधणार काय? फायरफॉक्स ब्राउझरचं अबाउट:कॉन्फिग, म्हणजे आतल्या सगळ्या सेटिंगचं पान, पण तसंच, अ‍ॅड्रेस बारमध्ये स्वतः टाइप करून जायचं. पण आत गेल्यावर एक गोष्ट फार छान आहे, तुम्ही बदललेली ओळ ठळक दिसते आणि तिच्याच शेजारी रिसेटचं बटण असतं. बिघडलं तर परत जाता येतं हे दिसलं की हात लावायची भीती निम्मी होते, हे प्रत्येक सॉफ्टवेअरने घ्यावं.

जागेच्या बाबतीत मला व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर आवडतो. प्रेफरन्सेसच्या त्याच खिडकीत खाली डावीकडे 'सिंपल' आणि 'ऑल', बस. ऑलमध्ये सर्चही आहे. फक्त सिंपलमध्ये सबटायटल्सचा स्वतःचा आयकॉन असतो आणि ऑलमध्ये तेच व्हिडिओच्या पोटात जातं, त्यामुळे माणूस जिथे होता ती जागा हरवते. म्हणून मला वाटतं की सगळ्यांचं मिळून एकच 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅब करण्यापेक्षा ज्या विषयाचा पर्याय त्याच पानाच्या तळाशी 'आणखी' म्हणून मिटलेला असावा, आणि वरच्या सर्चमध्ये शब्द टाकला की तो आपोआप उघडावा. शब्दही आपले हवेत, म्हणजे 'मराठी' टाकलं तरी सापडलं पाहिजे.

बाबांच्या बाबतीत एवढंच हवं होतं, फॉन्ट निवडायच्या खिडकीत खाली एक ओळ, 'मराठी, हिंदी मजकुराचा फॉन्ट', आणि ती टिक तिथल्या तिथे.