११ ची ९९ झालेली पोती

आमच्या पुण्याच्या ऑफिसात हॅकेथॉनची, म्हणजे २४ तासांत टीमने काहीतरी नवं बनवून दाखवायच्या स्पर्धेची, घोषणा झाली की पोरं आधी हळूच विचारायची, "नाही जमलं तर अप्रेझलला धरणार का?" भीती खरीच होती, क्लायंटच्या कामात काही चुकलं की मेल थेट वरपर्यंत जाते. म्हणून यावेळी एचआरच्या मागे लागून लेखी घेतलं की यातलं काहीही अप्रेझलला धरायचं नाही. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा स्पर्धेत फसलेल्या पण प्रामाणिक प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' असं वेगळं बक्षीस असतं, ते दाखवून आमच्याकडेही तसं एक बक्षीस ठेवायला लावलं.

२४ तास संपले, डेमो सुरू झाले. एका टीमने हाताने लिहिलेल्या ट्रान्सपोर्टच्या चलानांचे (मालासोबतच्या पावत्यांचे) फोटो काढून आकडे थेट सिस्टीममध्ये घ्यायचं काम घेतलं होतं, टेसरॅक्ट हे फोटोतली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर वापरून. ते फुकट मिळतं, मराठीही वाचतं, पण मुळात छापील अक्षरांसाठी बनवलेलं, आणि इथे तर पुसट कार्बन कॉपी. स्टेजवर फोटो टाकला, ११ पोती, स्क्रीनवर आलं ९९. हॉल हसला, मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

पण टीममधली सगळ्यात नवी मुलगी माईक घेऊन म्हणाली, "हे का होतं ते दाखवते." मराठी एक हाताने लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ड्रायव्हर लोक एकाच रकान्यात दोन्ही लिप्यांचे आकडे लिहितात. मग तिने वजनाचा रकाना दाखवला, ५५० किलो, पोतं ५० किलोचं, म्हणजे ११ च असणार ना! हा मेळ घालायचा कोड लिहायला त्यांना वेळच उरला नव्हता.

तेवढ्यात मागून डेटा एन्ट्रीचे एक काका उठले, म्हणाले "अहो, आमच्याकडूनही नेमकं तिथंच चुकतं." मग डेमो राहिला बाजूला आणि त्या दोघांचंच बोलणं सुरू झालं, अख्खा हॉल ऐकत होता, डायरेक्टर साहेब स्वतः लिहून घेत होते.

फोटो वाचायचा प्रोजेक्ट तिथेच बंद केला. वजन आणि पोत्यांचा मेळ तपासणारी सूचना मात्र आता एन्ट्रीच्या स्क्रीनवर येते, आणि ते बक्षीस अर्थात त्याच टीमला गेलं. पुढच्या वेळी प्रत्येक टीममध्ये ऑपरेशन्सचा एक तरी माणूस पहिल्यापासून हवा असं मी मागितलंय, अजून मंजुरी नाही, पण मी काही हे सोडणार नाही.