लग्नाच्या छायाचित्रांचे संपादन, घरून आणि ऑनलाइन: माझा अनुभव

लग्नाचा छायाचित्रकार जितका वेळ कॅमेरा हातात धरतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो संगणकापुढे घालवतो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन दिवसांच्या लग्नात दोघा-तिघांनी मिळून काढलेली तीन-चार हजार छायाचित्रे सहज जमतात. प्रत्येकावर एकच मिनिट घालवायचे ठरवले, तरी तीन हजारांना पन्नास तास लागतात, आणि दाट तिथींच्या दिवसांत तोवर पुढची दोन लग्ने येऊन पडलेली असतात. माझा व्यवसाय या पन्नास तासांवर उभा आहे. सांगलीत घरी बसून मी छायाचित्रांची निवड, रंगदुरुस्ती आणि अल्बमची मांडणी करून देते. ग्राहक पश्चिम महाराष्ट्रातले, पुण्या-मुंबईचे आणि थोडे अमेरिका व ब्रिटनमधले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांशी माझी प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही.

यापूर्वी मी एका कलर लॅबमध्ये अल्बमच्या शीट छपाईसाठी तपासण्याचे काम करत असे. १२ बाय ३६ इंचांची शीट, म्हणजे अल्बमची समोरासमोरची दोन पाने, ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलची व्हायला हवी, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण नवरीचा चेहरा नेमका मधल्या घडीत गेला आहे, किंवा कडेला उभ्या असलेल्या आजोबांचा फेटा कटिंगमध्ये जाणार आहे, हे रात्री दोन वाजता मांडणी करणाऱ्याला दिसत नाही. छायाचित्रकार कुठे थकतो आणि थकल्यावर त्याच्या हातून काय निसटते, हे मला त्या टेबलावर बसून कळले. नोकरी सोडल्यावर याच जाणकारीतून काहीतरी ऑनलाइन विकावे, असे मनात आले.

सुरुवात मी लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरची प्रीसेट्स (एका क्लिकने लागणाऱ्या तयार रंगजुळण्या) आणि अल्बमच्या मांडणीची तयार पीएसडी, म्हणजे फोटोशॉपमधली, टेम्प्लेट्स विकण्यापासून केली, कारण एकदा करून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा विकायचे, हा हिशेब कुणालाही मोहात पाडणारा आहे. विक्री झालीही. परंतु टेम्प्लेटचा एक संच एकाने घेतला की पेनड्राइव्हवरून तो तालुकाभर पोहोचतो, आणि त्याविरुद्ध तक्रार तरी कुणाकुणाची करणार? प्रीसेटची अडचण वेगळी असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात बेतलेली रंगसंगती मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली लावली की माणसे काविळीची रोगी दिसू लागतात, आणि मग ग्राहक फोनवर विचारतो की तुमच्या नमुन्यात दिसते तसे माझ्याकडे का दिसत नाही. या सगळ्यातून एक फरक मात्र स्पष्ट झाला. हौशी छायाचित्रकार साधने आणि शिकवणी विकत घेतो, तर व्यावसायिक छायाचित्रकार वेळ विकत घेतो. लग्ने करणाऱ्याला आणखी एक प्रीसेट नको असतो. सोमवारी दिलेला डेटा शुक्रवारी तयार होऊन परत हवा असतो.

पहिली कामे मिळवण्यासाठी मी फ्रीलान्सिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवर फार काळ थांबले नाही. तिथे दरांची उतरती बोली लागते आणि कामाची पारख करायला कुणाला सवड नसते. त्याऐवजी लॅबमुळे ओळखीच्या झालेल्या छायाचित्रकारांना मी सांगितले की, तुम्ही स्वतः पूर्ण केलेल्या एका जुन्या लग्नाचे मूळ डेटातले काही फोटो मला द्या, तुमचे अंतिम रंग दाखवू नका, आणि मी केलेले काम नंतर तुमच्या कामाशेजारी ठेवून पाहा. आपली रंगसंगती दुसऱ्याला जमेल का, ही या धंद्यातली खरी शंका असते, आणि ती बोलण्याने फिटत नाही. ज्यांचे समाधान झाले त्यांनी तालुक्याच्या छायाचित्रकार संघटनेच्या व्हॉट्सॲप गटात माझे नाव पुढे दिले, आणि पुढची ओळख त्याच वाटेने वाढत गेली.

डेटा पोहोचवणे हा या कामातला सर्वांत किचकट भाग होता. तीन कॅमेऱ्यांची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली, छायाचित्रे मिळून एका लग्नाचा डेटा शंभर जीबीच्या वर सहज जातो. गावाकडच्या इंटरनेटवर तो चढवायला दिवस जातात, म्हणून पूर्वी हार्ड डिस्क एसटीच्या पार्सलने येत असत, आणि गाडी येईपर्यंत एका कुटुंबाचे सगळे लग्न त्या डब्यात असल्याच्या विचाराने माझा जीव टांगणीला लागे. त्यावर उपाय लाइटरूम क्लासिकमध्येच होता, फक्त आमच्या भागात तो कुणी वापरत नव्हते. छायाचित्रकाराने छायाचित्रे आपल्या संगणकावर आयात करताना 'स्मार्ट प्रिव्ह्यू' तयार करायचे. ही लांब बाजूला २५६० पिक्सेल असलेली, डीएनजी या फाइल-प्रकारातली छोटी रूपे असतात, पण उजेड आणि रंग यांच्या दुरुस्तीसाठी रॉसारखीच वागतात. मग मूळ छायाचित्रे जागच्या जागी ठेवून कॅटलॉग (छायाचित्रांची यादी आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची नोंद ठेवणारी लाइटरूमची फाइल) आणि हे प्रिव्ह्यू एवढेच मला पाठवायचे, म्हणजे शंभर जीबीच्या जागी मोजके काही जीबी. मी दुरुस्त्या करून कॅटलॉग परत पाठवते, छायाचित्रकार तो उघडतो, आणि माझी प्रत्येक दुरुस्ती त्याच्याकडच्या मूळ छायाचित्रांना लागू होते. यात दुहेरी सुरक्षितता आहे: मूळ डेटा त्याच्या घराबाहेर जात नाही, आणि माझ्याकडे काही बिघडले तरी त्याचे काही हरवत नाही. मर्यादा एवढीच की, या छोट्या प्रतींवरून बारीक स्पष्टता किंवा नॉइज (कमी उजेडातल्या फोटोत येणारे दाणे) यांचा निर्णय करता येत नाही. फोटोशॉपमध्ये करायची त्वचेची दुरुस्ती किंवा पार्श्वभूमीतली वायर काढणे असेल, तर ती निवडक छायाचित्रे पूर्ण आकारात मागवावी लागतात. ही पद्धत मी मराठीत, पडद्यावरच्या चित्रांसह एका पीडीएफमध्ये लिहून काढली, आणि आजही नव्या ग्राहकाला दरपत्रकाच्या आधी तीच पाठवते.

निवडीच्या कामात घड्याळाचा घोळ ठरलेला असतो. तीन कॅमेऱ्यांची घड्याळे तीन वेळा दाखवत असतील, तर वेळेनुसार लावलेल्या क्रमात सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर येतो. म्हणून लग्नाच्या सकाळी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवावा, असा माझा आग्रह असतो. तेवढ्यावरून फरक मोजून सगळ्या छायाचित्रांची वेळ एकदम सरकवता येते. त्यापुढचे काम यंत्राचे नाही, माहितीचे आहे. कानपिळीच्या वेळी नवरीच्या भावाचा हात आणि नवरदेवाचा चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, सूनमुख पाहताना आरशातले प्रतिबिंब स्पष्ट हवे, लाजाहोमाच्या धुरात अर्धवट दिसणारा फोटोही ठेवायचा असतो, कारण त्या क्षणाचा दुसरा नसतो. कोल्हापूरकडचे एक जुने ग्राहक मला पहिल्याच कामाच्या वेळी म्हणाले होते, "ताई, मुहूर्ताचा एकही फोटो गाळू नका, भटजींचे डोळे मिटलेले असले तरी चालतील." तांत्रिकदृष्ट्या सदोष, तरीही ठेवलाच पाहिजे असा फोटो ओळखण्याचेच मला पैसे मिळतात, असे मी मानते.

रंगाच्या बाबतीत मॉनिटरवर केलेला खर्च मी सर्वांत आधी केला आणि इतरांनाही तोच आधी करायला सांगते. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग आणि उजेड मोजणारे यंत्र) घेऊन मॉनिटर रंगासाठी ६५०० केल्विन, मधल्या छटांसाठी गॅमा २.२ आणि प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला इतक्या उजेडावर बांधून घेतला नाही, तर झगझगीत पडद्यावर छान दिसलेली छायाचित्रे छापून काळी येतात, आणि दोष लॅबला दिला जातो. लॅबसाठी फायली एसआरजीबी या रंगांच्या सर्वसाधारण मानकातच देते. खरी परीक्षा हळदीची असते. सगळीकडे पिवळा रंग असल्यामुळे कॅमेऱ्याचे आपोआप ठरणारे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगजुळणी) तो भरून काढायला निळ्याकडे झुकते. तो निळा काढावा तर नवरीच्या गालावर हळद किती आणि पिवळ्या कापडाची झाक किती, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. स्टेजवरच्या जांभळ्या एलईडीने मारलेले चेहरे तर कधीकधी पूर्ण सुधारतच नाहीत, आणि ते ग्राहकाला काम घेण्यापूर्वीच सांगितलेले बरे. रंगाची पसंती व्हॉट्सॲपवर घेत नाही, कारण तिथे फोटो दाबला जातो आणि समोरच्याच्या मोबाइलचा पडदा कसा आहे हेही कळत नाही.

परदेशातले काम एका मराठी छायाचित्रकारामुळे सुरू झाले, जे न्यू जर्सीत भारतीय लग्ने करतात आणि ज्यांना अंतरपाट म्हणजे काय हे समजावून सांगावे न लागणारा माणूस हवा होता. या कामाने माझ्या वर्षाची घडीच बदलली. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला हंगाम आषाढापर्यंत चालतो आणि चातुर्मासात लग्नाचे काम जवळजवळ थांबते. अमेरिकेत मात्र मे ते ऑक्टोबर हाच लग्नांचा भर असतो. उन्हाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर असते, त्यामुळे त्यांनी रविवारी रात्री अकराला चढवलेला कॅटलॉग मला सोमवारी सकाळी साडेआठला मिळतो, आणि ते झोपेतून उठेपर्यंत पहिली निवड त्यांच्यासमोर असते.

पैशांची बाजू थोडक्यात सांगते. देशातल्या ग्राहकांचे पैसे यूपीआयने येतात. पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे, त्यामुळे पेपाल आता परदेशी बिलांसाठीच उपयोगी आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचे बँकेचे प्रमाणपत्र जपून ठेवते, कारण ही सेवेची निर्यात असल्याचा पुरावा तोच असतो. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली असेल, तर निर्यातीवर कर न भरता बिल करण्यासाठी दर आर्थिक वर्षी आरएफडी-११ हा हमीपत्राचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. हे मी चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घेते. दर ठरवताना आलेल्या एकूण छायाचित्रांवर निवडीचा, ठेवलेल्या छायाचित्रांवर रंगदुरुस्तीचा आणि शीटवर मांडणीचा असे तीन वेगळे दर लावते, आणि मांडणीतला दोनदा केलेला बदल दरात धरते. तिसऱ्या बदलापासून पैसे लागतात, हे आधी लेखी दिल्यापासून काकू-मावश्यांच्या सूचना एकत्रच येऊ लागल्या. निम्मी रक्कम आगाऊ घेते. एका ग्राहकाने तयार काम घेऊन फोन उचलणे बंद केले होते, तेव्हापासून अंतिम कॅटलॉग उरलेली रक्कम आल्यावरच जातो.

माझे नमुने दाखवण्याच्या बाबतीत कायदा अनेकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाच्या बाबतीत छायाचित्रकार नव्हे, तर ज्यांनी काम दिले ते कुटुंब. संपादन करणाऱ्या माझा तर प्रश्नच येत नाही. म्हणून नमुन्यांत फक्त तेच फोटो ठेवते, ज्यांची परवानगी छायाचित्रकाराने त्या कुटुंबाकडून लेखी घेतली आहे, आणि डेटा ठरलेल्या मुदतीनंतर कळवून पुसून टाकते.

हौशी छायाचित्रकारांचे काम उत्पन्नात लहान, पण मनाला फार सुखाचे आहे. भिगवणचे रोहित, ताडोबाचे वाघ, पहाटेच्या अंधारात वाढवलेला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि त्यामुळे आलेला दाणेदारपणा, हे घेऊन निवृत्त बँक अधिकाऱ्यांपासून डॉक्टरांपर्यंत लोक येतात. त्यांना मी फोटो दुरुस्त करून देण्याऐवजी पडदा दाखवत तासाप्रमाणे शिकवते, कारण त्यांना पुढचा फोटो स्वतः करायचा असतो. काहींना चित्रे स्टॉक संकेतस्थळांवर, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या संकेतस्थळांवर, ठेवायची असतात. अडोबी स्टॉकवर फोटो शोधण्यासाठीच्या शब्दांना (कीवर्ड) ४९ पर्यंत मर्यादा आहे आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे, तेव्हा पक्ष्याचे इंग्रजी व शास्त्रीय नाव आधी आणि 'सुंदर', 'निसर्ग' असले शब्द शेवटी, अशी यादी करून देण्याचेही पैसे घेते. एक अट मात्र पाळते. वाघाच्या तोंडावरची फांदी पुसून द्या, अशी मागणी आली की आधी विचारते, हा फोटो स्पर्धेत जाणार आहे का? वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धा मूळ रॉ फाइल मागवतात आणि अशी पुसापुशी आढळली की प्रवेशिका बाद होते.

नॉइज कमी करण्याचे जे काम मी पूर्वी दर लावून करत असे, ते एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारी डीनॉइजची सोय आल्यावर जवळजवळ फुकट झाले, आणि ती ओळ मी दरपत्रकातून काढली. डोळे मिटलेले, हललेले फोटो वेगळे काढणारी सॉफ्टवेअर्सही आली आहेत. पहिली चाळणी मीही त्यांच्याकडून करून घेते आणि मग त्यांनी बाजूला टाकलेले सगळे एकदा स्वतः पाहते, कारण मंगलाष्टके संपून अक्षता पडताना नवरी बहुतेक वेळा डोळे मिटूनच उभी असते. निवडीचा दर त्यामुळे कमी केला आहे, विधींच्या क्रमानुसार लावलेल्या निवडीचा मात्र वाढवला आहे, आणि या वर्षी आलेल्या ग्राहकांपैकी बहुतेकांनी विधींच्या क्रमाचाच पर्याय घेतला.